पावसाची वर्दी

आमच्या गंगाखेडात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगाच. तिच्या काठी वाढलेल्या माणसाला पाऊस ही डोळ्यांनी आणि बोटांनी मोजण्याची गोष्ट वाटते. माझे आजोबा पाऊस उघडला की रानात जात, ढेकूळ उकरून बघत आणि घरी येऊन सांगत, "वीतभर ओल गेली." तहसिलीतला कारकून मात्र पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या नळीत ओतून तोच पाऊस वहीत लिही. ती वही आजोबांनी जन्मात पाहिली नाही.

हिंदुस्थानात हे मोजमाप संकटातून वाढले. १८६४ साली कलकत्त्यास भयंकर वादळ झाले. १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला. त्यावर १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली हवामान खाते निघाले आणि दूरदूरच्या नोंदी तारेने एका जागी जमू लागल्या. १९२८ पासून १९४४ पर्यंत या खात्याचे मुख्य ठाणे पुण्यास होते. आमच्या गावावरचे राज्य मात्र बदलत गेले. १९४८ साली निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण पावसाची वर्दी वर जाई, ती खाली क्वचितच परत येई. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना पाऊस पडला नाही हे कोणत्या वहीने सांगायचे होते?

२०१७ साली राज्यात 'महावेध' प्रकल्प आला. महसूल मंडळागणिक एक, अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे ठरली. कारकुनाच्या जागी खांबावरचे यंत्र आले. पाऊस, वारा, उष्णता आणि दमटपणा ते आपण होऊन मोजते आणि मोबाईलच्या जाळ्यातून वर कळवते. यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे, ही आजची नवलाई आमच्या शिवारात अशी शिरली.

आता त्या आकड्याला भाकरीचे मोल आले आहे. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात. पण आमच्या तालुक्यात एकीकडे राणीसावरगावचे डोंगर, दुसरीकडे गंगेचे खोरे. बांधाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे धूळ, हे आम्हांला नवे नाही. एखाद्याचे सोयाबीन पाण्यात जाते आणि खांबापाशी आकडा पासष्टच्या आत राहतो. यंत्र खोटे बोलत नाही; ते उभे असते तिथले खरे सांगते.

म्हणून २०२३ च्या केंद्राच्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचा विचार आहे, तो मला मोलाचा वाटतो. मात्र मापक जवळ आला एवढ्याने भागणार नाही. रोजचा आकडा चावडीच्या फळ्यावर खडूने लिहिला गेला पाहिजे, म्हणजे ढेकूळ उकरून आलेला माणूस तो वाचील आणि चुकला असेल तर तिथल्या तिथे म्हणेल, "माझ्या रानात या, ओल बघा."