तटस्थ रंगांचे घर : छायाचित्रांची साक्ष आणि रंगांचे थर

शहरातील कुटुंबाच्या सदनिकेत भिंती पांढऱ्या वा दुधी असाव्यात, पडदे वाळूच्या रंगाचे व गालिचा राखी असावा, लाकूड शक्यतो फिकट असावे, हा संकेत आज इतका रूढ झाला आहे की त्याला काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांत मात्र या संकेताचे कुलवृत्त सांगण्याची एक ठरीव पद्धत आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात युरोपातील आधुनिक वास्तुकारांनी अलंकरणाचा त्याग केला. त्याबरोबर रंगाचाही त्याग केला. आणि त्यांच्या श्वेत घरातून आजची तटस्थ रंगसंगती जन्मास आली, असे हे कुलवृत्त होय. ते सुटसुटीत आहे, यात संशय नाही. परंतु ज्या पुराव्यावर ते उभे आहे तो मुख्यत्वे कृष्णधवल छायाचित्रांचा आहे, आणि रंगाच्या प्रश्नात असले छायाचित्र हा साक्षीदार मुळातच अपुरा ठरतो.

या परंपरेचा आरंभ पुष्कळदा ॲडॉल्फ लूस याच्या व्हिएन्नातील सदनिकेपासून धरण्यात येतो. १९०२ मध्ये लूसचा विवाह झाला आणि पुढील वर्षी त्याने पत्नी लीना हिच्यासाठी सजविलेल्या शय्यागृहाचे छायाचित्र ‘कुन्स्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, पलंगाभोवती पसरलेली अंगोरा लोकरही पांढरीच. या एका चित्रावरून लूस हा श्वेत गृहाचा आद्य पुरस्कर्ता ठरविला गेला. परंतु त्या लोकरीच्या खाली निळा गालिचा होता, ही गोष्ट छायाचित्रावरून कळत नाही. शिवाय त्याच सदनिकेतील बैठकीची खोली काळसर ओक लाकडाची व उघड्या विटांच्या शेगडीची होती. ती पुढे व्हिएन्नाच्या नगर-संग्रहालयात जतन करण्यात आली. म्हणजे एकाच घरात खोलीच्या प्रयोजनानुसार रंगयोजना बदलत होती. पांढरा रंग शय्यागृहाचा होता, घराचा नव्हे. इतिहासकारांनी मात्र त्या एका खोलीवरून साऱ्या घराचे अनुमान केले.

भिंती फिकट होण्याची कारणे अभिरुचीत शोधण्यापूर्वी द्रव्यांत शोधली पाहिजेत. कोळशाची शेगडी व गॅसचा दिवा असलेल्या घरात काजळी चुकत नसे, आणि गडद भित्तिपत्र ती झाकून घेई. विजेचा दिवा आल्यावर ही अडचण कमी झाली. एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय हिरव्या भित्तिपत्रांत सोमल असे. त्याविषयीची भीती सुशिक्षित कुटुंबांत पसरल्यावर साध्या भिंतीला आरोग्याचे प्रमाणपत्र आपोआप मिळाले. पांढरा रंगही निर्दोष नव्हता, कारण तो सफेत्यापासून, म्हणजे शिशापासून, तयार होई आणि रंगाऱ्यांना त्याची बाधा होत असे. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने इमारतींच्या अंतर्भागात सफेत्याच्या वापरावर बंदी घालणारा करार संमत केला. नॉर्वे व अमेरिका या देशांत टायटॅनियमपासून पांढरा रंग करण्याचा उद्योगही याच सुमारास उभा राहत होता. आधुनिक वास्तुकारांचे श्वेत-स्तवन या घटनांनंतर लगेचच यावे, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

पांढऱ्या भिंतीचा आरोग्याशी असलेला हा संबंध महाराष्ट्रास अपरिचित नाही. किंबहुना येथे तो सक्तीच्या रूपाने अवतरला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग-समितीच्या हुकमतीखाली घरांची झडती, निर्जंतुकीकरण आणि चुन्याची सफेदी ही कामे बरोबरच चालत. रँडच्या वधापूर्वीच्या त्या महिन्यांत पुण्यातील कित्येक कुटुंबांना पांढरी भिंत ही सरकारने उंबरठा ओलांडल्याची खूण वाटली असल्यास नवल नाही. तीत अभिरुचीचा प्रश्न नव्हता. युरोपातील सुधारकांच्या लेखनात मात्र आरोग्याची भाषा आणि अभिरुचीची भाषा यांची सरमिसळ झालेली दिसते.

या सरमिसळीचे ठळक उदाहरण म्हणजे ल कॉर्ब्यूझिए. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सजावटकलेवरील ग्रंथात त्याने रिपोलिन या तयार रंगाच्या नावाने एक कायदाच सुचविला : प्रत्येक नागरिकाने घरातील पडदे, भित्तिपत्रे व नक्षी काढून टाकावी आणि भिंतीस रिपोलिनचा शुभ्र हात द्यावा. घर स्वच्छ झाले की मनही स्वच्छ होईल, असा त्याचा युक्तिवाद होता. तटस्थ रंगसंगतीच्या इतिहासात या उताऱ्यास जवळजवळ संहितेचे स्थान मिळाले आहे. परंतु ज्या वर्षी हा कायदा छापला गेला त्याच वर्षी पॅरिसमध्ये पुरे झालेल्या त्याच्या ला रोश गृहात निळ्या व तपकिरी रंगांच्या भिंती होत्या. बोर्दोजवळील पेसाक येथे त्याने बांधलेल्या कामगारवसतीत तर घरांच्या बाह्य भिंतीही रंगीत होत्या. १९३१ मध्ये त्याने बाझेल येथील सालुब्रा या भित्तिपत्रांच्या कारखान्यासाठी ४३ छटांचा संग्रह सिद्ध केला आणि १९५९ मध्ये त्यात आणखी २० छटांची भर घातली. भित्तिपत्रे फाडून टाकण्याचा उपदेश करणाऱ्यानेच सहा वर्षांनी भित्तिपत्रे विकावयास काढली, यातील विनोद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट होते. रिपोलिनचा कायदा हे प्रचारपर विधान होते. त्याच्या स्वतःच्या व्यवहाराचे ते वर्णन नव्हते. विधान छापील होते म्हणून उद्धृत होत राहिले, भिंती मात्र पुनःपुन्हा रंगविल्या गेल्या.

येथे छायाचित्रणाच्या तंत्राचा विचार आवश्यक ठरतो. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचा निळ्या प्रकाशास फार संवेदनशील व तांबड्या प्रकाशास जवळजवळ अंध असत. परिणामी फिकट निळी भिंत चित्रात पांढरीशी उतरे आणि तांबडी भिंत काळसर दिसे. सर्ववर्णग्राही काचा उपलब्ध झाल्या, तरी कागदावर उमटे ते करड्या छटांचेच घर. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने भरविलेल्या वास्तुप्रदर्शनातून आणि हिचकॉक व जॉन्सन यांच्या ग्रंथातून ही घरे जगभर पोचली ती अशाच चित्रांच्या रूपाने. ज्यांनी मूळ घर पाहिले नव्हते अशा वास्तुकारांनी चित्रातील करडेपण हेच तत्त्व म्हणून स्वीकारले असावे, असे मानण्यास जागा आहे. १९९५ मध्ये मार्क विग्ली याने श्वेत भिंतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून हा समज मुळापासून तपासला. तथापि पाठ्यपुस्तकांत जुने कुलवृत्तच अद्याप टिकून आहे.

जर्मनीतील कौटुंबिक वसाहती पाहिल्या म्हणजे हा विपर्यास अधिकच जाणवतो. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की हिने आखलेले फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर त्या नगरातील सुमारे १०,००० घरांत बसविले गेले. चित्रांत ते राखी दिसते. प्रत्यक्षात त्याची कपाटे निळसर होती, आणि कारण सौंदर्याचे नव्हे, तर निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत या समजुतीचे होते. ब्रूनो टाउट याने तर १९१९ मध्ये रंगीत बांधणीचे आवाहनच प्रसिद्ध केले. त्याच्या बर्लिनमधील एका वसाहतीस लोक रंगपेटी म्हणत व दुसरीस पोपटांची वसाहत म्हणत. १९२४ मध्ये त्याने गृहिणींना उद्देशून नव्या घराविषयी पुस्तक लिहिले. घरातील शोभेच्या वस्तूंची अडगळ काढून टाका, त्यायोगे श्रम वाचतील, हा त्यातील उपदेश लूस वा ल कॉर्ब्यूझिए यांच्या उपदेशाशी जुळतो. पण मोकळ्या झालेल्या भिंतीवर त्याला ठसठशीत रंगच हवा होता. अलंकरण नाकारणे आणि रंग नाकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे टाउटच्या उदाहरणावरून निःसंशय सिद्ध होते.

मग तटस्थ रंगसंगती पूर्णत्वाने कोठे आढळते? ती कामगारवसतीत नव्हे, तर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आढळते. लंडनमध्ये सिरी मॉम या सजावटकार बाईंनी १९२७ च्या सुमारास चेल्सी येथील आपल्या घरात पांढऱ्या, दुधी व हस्तिदंती छटांचा जो दिवाणखाना सजविला, त्याचे अनुकरण धनिक वर्गात झपाट्याने झाले. कोळशाच्या धुराने भरलेल्या लंडनमध्ये असे आसन व असा गालिचा स्वच्छ राखणे म्हणजे नोकरांच्या श्रमांचे प्रदर्शनच होते. टाउटच्या गृहिणीचे श्रम रंगाने वाचावयाचे होते. मॉमबाईंच्या दिवाणखान्यात ते दुसऱ्या कोणी करावयाचे होते. आजच्या सदनिकेतील दुधी कोचाचे नाते कामगारवसतीपेक्षा या दिवाणखान्याशी अधिक जवळचे आहे, असे म्हणावे लागते.

छायाचित्र अपुरे ठरते तेव्हा अभ्यासकास भिंतीकडेच जावे लागते. रंगाचे थर एकेक करून खरवडण्याची व तपासण्याची पद्धत आता चांगलीच विकसित झाली आहे. परंतु तीही एकच उत्तर देत नाही. ल कॉर्ब्यूझिए पॅरिसमधील ज्या सदनिकेत १९३४ पासून पत्नीसह राहिला, तिचे जीर्णोद्धारकार्य २०१६ ते २०१८ या काळात झाले. त्याने स्वतःच भिंती वेळोवेळी बदलल्या होत्या. तेव्हा संवर्धकांनी आरंभीची स्थिती न निवडता त्याच्या मृत्यूच्या वर्षाची, म्हणजे १९६५ ची, स्थिती प्रमाण मानली. ‘मूळ रंग’ हा शब्दप्रयोग घराच्या बाबतीत किती सैल आहे, हे त्यावरून कळते.

मुंबईतील १९३० नंतरच्या सदनिकांचा अभ्यास करताना हीच सावधगिरी बाळगणे इष्ट होय. भारतीय वास्तुविशारद संस्थेने १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये भरविलेल्या आदर्श गृह प्रदर्शनाने शहरी कुटुंबासमोर नव्या घराचा नमुना ठेवला. परंतु त्या काळच्या घरांची छापील चित्रे येथेही बहुधा कृष्णधवलच आहेत, आणि भिंतींवर त्यानंतर डिस्टेंपरचे अनेक हात चढले आहेत. फरशीची गोष्ट निराळी. १९२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग्ज यासारख्या कारखान्यांच्या सिमेंटच्या फरश्यांत रंग वरच्या थरातच मिसळलेला असल्याने तो सहसा बदलता येत नाही. हिरव्या, तांबड्या व काळ्या नक्षीच्या अशा फरश्या जुन्या सदनिकांतून आजही पाहावयास मिळतात. ज्या कुटुंबाने अशी फरशी पसंत केली त्याने वरची भिंत दुधीच का ठेवली असेल, किंवा खरोखर ठेवली होती काय, याचा निर्णय त्या भिंतीचे थर खरवडल्यावाचून करता येणार नाही.