शिखरजीच्या वाटेवर पायात काय घालावं?



फाल्गुनात आम्ही शिखरजीची वंदना करून आलो. निघायच्या आधी दोन महिने घरात एकच वाद चालला होता. तिकिटांचा नाही, धर्मशाळेचा नाही. आईनं पायात काय घालायचं याचा.

आई ६७ वर्षांची. मधुमेह जुना, तळव्यांची जाणीव कमी झालेली. चार वर्षांपूर्वी श्रवणबेळगोळला विंध्यगिरी चढताना तिनं पायथ्याशी मिळणारे मोजेसुद्धा घेतले नाहीत. "बाहुबलीच्या दारात मोजे कसले?" म्हणाली. सहाशेच्या वर पायऱ्या, सगळा कातळ उन्हानं तापलेला. खाली उतरली तेव्हा तिला काहीच दुखत नव्हतं. रात्री पाय धुताना टाचेखालचा फोड मला दिसला. ती जखम भरायला अडीच महिने लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यापुढे अनवाणी चालायचं नाही.

आणि शिखरजीची वंदना म्हणजे २७ किलोमीटर. ९ किलोमीटर चढ, ९ टोंकांवरून, ९ उतार. आईचं म्हणणं एकच, "माझी आई अनवाणी गेली, मी बूट घालून जाऊ?"

तिला समजवायचं म्हणून मी वाचायला घेतलं आणि मलाच बरंच नवं कळलं. ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आधी आजीची गोष्ट. आमच्या कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागात आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. इथं पायताण म्हटलं की कातड्याचंच. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, खिळा न मारता वादीनं शिवलेलं. याच कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेतात ती चालायची, पण तीर्थावर कातडं न्यायचं नाही हे ठरलेलं. मग उरल्या खडावा. लाकूड वाकत नाही, खुंटी अंगठ्यात धरून अंगण ओलांडता येतं, डोंगर नाही. कापडी बूट आजीच्या काळात बाजारात होते, पण ते शाळेतल्या पोरांचे, कवायतीचे. लुगडं नेसलेल्या बाईनं बूट घालायचे ही कल्पनाच नव्हती.

म्हणजे आजी अनवाणी गेली ती भक्तीनं, यात शंका नाही. पण तिच्यापुढे दुसरी वाटही नव्हती. आपण नेहमी पहिली गोष्ट आठवतो, दुसरी विसरतो.

मुनी आणि आर्यिका यांचं वेगळं. त्यांचं अनवाणी चालणं हा त्यांच्या चर्येचाच भाग. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचा संघ १९२७ साली कुंभोजच्या बाहुबलीहून निघाला आणि १९२८ मध्ये शिखरजीला पोहोचला. दक्षिणेतून पार तिकडे, पायी आणि अनवाणी. ते आपल्याला वंदनीय आहे. पण त्यांचं महाव्रत आहे, आपलं अणुव्रत. सोळाकारण भावना आपण सगळ्या म्हणतो. त्यात त्याग आणि तप या दोन्हींच्या आधी 'शक्तितः' हा शब्द आहे. आपल्या शक्तीप्रमाणे.

आता ज्याचं मला सगळ्यांत आश्चर्य वाटलं ते सांगते. श्वेतांबर परंपरेत बृहत्कल्पसूत्र आहे आणि त्यावर संघदासगणींचं भाष्य आहे, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं. आपल्या दिगंबर आम्नायात हा ग्रंथ नाही, तरी विचाराची रीत पाहण्यासारखी आहे. साधू-साध्वींनी अखंड चामडं बाळगू नये हा मूळ नियम. पण भाष्यकार तिथं थांबत नाहीत. वाट काट्यांची असेल तर? रात्री चालावं लागलं तर? पाय नाजूक असतील, आजार असेल तर? अशा वेळी अपवाद म्हणून काय चालेल याची तिथं चर्चा आहे. आणि ती करताना पादत्राणांचे प्रकारच दिले आहेत. पाऊल झाकणारं खल्लक, बोटांसकट वरून झाकणारी वागुरा, दगडाची ठेच लागून नखं फुटू नयेत म्हणून कोशक, घोट्यापर्यंत येणारी खपुसा.

आधी नियम, मग शरीर, मग वाट, मग अपवाद. इतक्या बारकाईनं पायाचा विचार झाला होता! मी हे आईला वाचून दाखवलं. ती गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण ते चामड्याचं झालं." बरोबर होतं तिचं. त्या काळी पाय वाचवायचा तर बहुतेक वेळा चामडंच हाताशी असायचं. अहिंसा की पाय, असा तो पेच होता.

तो पेच सोडवायची एक सोपी वाट एकोणिसाव्या शतकात निघाली, आणि ती काढणाऱ्यांच्या मनात अहिंसा नव्हती. कच्चं रबर उन्हात चिकट व्हायचं, थंडीत तडकायचं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून ते तापवायची युक्ती सापडली. मग रबराचा तळ आणि वर जाड कापड असे बूट निघाले, ते मुख्यतः खेळासाठी. आपल्याकडे १९३०च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर उभं राहिलं आणि कापडी बूट गावोगावच्या दुकानांत पोचले. कोणी स्वस्ताईसाठी केले, कोणी टेनिससाठी. पण एकाही जिवाचं कातडं न वापरता लांब चालता येईल असं काहीतरी आपल्या पायांना मिळालं.

लांब म्हणजे किती? १९५५ साली अमेरिकेत एमा गेटवुड नावाच्या आजी ॲपलाचियन डोंगरवाट एकट्यानं चालून गेल्या. सुमारे ३,३०० किलोमीटर! अकरा लेकरांची आई, वय ६७, म्हणजे माझ्या आईएवढंच. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पायात साधे कापडी बूट. एक जोड झिजला की दुसरा. त्यांनी ती वाट पुरी केली तो सप्टेंबर महिना होता. त्याच महिन्यात इकडे कुंथलगिरीवर शांतिसागर महाराजांची सल्लेखना पूर्ण झाली. दोन्हींची तुलना करत नाही. पण ती तारीख वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

आईला पटलं ते यानंतर. "कापडी असतील तर घालते. पण टोंकाच्या पायरीशी काढणार." कबूल, म्हटलं.

खरेदी कशी केली तेही सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणी निघाल्या असतील.

दुकानात संध्याकाळी गेलो. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी नेमका बसलेला बूट दुपारी चावतो. घालायचे तेच मोजे सोबत नेले. उभं राहून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवली, कारण ९ किलोमीटर उतारात बोटं पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात (कोशकाची आठवण झाली!). टाच मात्र घट्ट धरलेली हवी. निव्वळ सुती मोजे घामानं ओले राहतात आणि फोड येतात, म्हणून लवकर सुकणारे कृत्रिम धाग्याचे घेतले, दोन जास्तीचे जोड ठेवले. निघायच्या आधी महिनाभर आई तेच बूट घालून रोज चालली.

आणि एक. 'स्पोर्ट्‌स शूज' म्हणजे चामडं नाहीच असं समजू नका. स्वेड किंवा नुबक लिहिलं असेल तर ते चामडंच. काही बुटांच्या आत छोटी चित्रं असतात. पसरलेल्या कातड्याच्या आकाराचं चित्र म्हणजे चामडं, जाळी म्हणजे कापड, साधा चौकोन म्हणजे इतर पदार्थ. वरचा भाग, अस्तर आणि तळ, तिन्ही पाहा.

मधुबनहून रात्री दोनला निघालो. प्रत्येक टोंकाशी आई बूट काढायची, दर्शन घ्यायची, आणि पुन्हा घालायच्या आधी मी बॅटरीच्या उजेडात तिचे तळवे पाहायचे, बुटात खडा गेलाय का चाचपायचे. पहिल्या दोन वेळा तिला संकोच वाटला. नंतर ती स्वतःच पाय पुढे करू लागली. चंद्रप्रभ टोंकाच्या चढावर ती फार दमली होती, डोली करू म्हटलं तर नको म्हणाली. पार्श्वनाथांच्या टोंकावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं.

संध्याकाळी धर्मशाळेत गरम पाण्यात तिचे पाय धुतले. एकही फोड नव्हता. बूट तिनं स्वतःच झटकून खिडकीत वाळत ठेवले आणि म्हणाली, "आईला मिळाले असते तर तिनंही घातले असते."