दिव्याची कळ

सांगलीतील माझ्या एका स्नेह्यांनी विश्रामबागेत नवे घर बांधले. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. तिन्हीसांजेला त्यांच्या आई देवघराच्या दाराशी भिंतीकडे पाहत उभ्या दिसल्या. भिंतीवर काळ्या काचेची वीतभर पट्टी, तीवर आठ कळा आणि प्रत्येक कळेशी एक मिणमिणता निळा ठिपका. मला पाहून त्या म्हणाल्या, "अहो मास्तर, देवापाशी एवढासा उजेड हवाय मला. ह्या आठांतली कुठली दाबू? काल एक दाबली, तर घरभर अंधार झाला."

मला हसू आले, पण ते लगेच मावळले. ज्या घरात या बाईंनी साठ वर्षे दिवेलागण केली, त्या घरात दिवा लावण्यासाठी त्यांना आता पाहुण्याची मदत मागावी लागत होती. दिवा कोणाच्या हाताने लागावा, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. आणि आमच्या कृष्णाकाठाला तो नवाही नाही.

विजेच्या आधी इकडच्या घरात उजेडाचा ताबा कंदिलाच्या चावीत होता. कऱ्हाडजवळ, औंध संस्थानाच्या आश्रयाने, १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्याची ओगलेवाडी झाली, आणि वडिलांच्या नावाने निघालेला 'प्रभाकर' कंदील गावोगाव पोचला. चावी उजवीकडे फिरवली की वात वर, डावीकडे फिरवली की खाली. अभ्यासाला मोठी वात, जेवणाला मध्यम, आजाऱ्याच्या उशाशी बारीक. आणि रॉकेल वाचवायचे म्हणून वडीलधाऱ्यांचा हात सदैव त्या चावीवर. दिवा 'विझवला' असे मात्र कोणी म्हणत नसे. तो मालवायचा किंवा शांत करायचा.

वीज आली तेव्हा चावी कंदिलावरून उठून भिंतीवर गेली. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉन हेन्री होम्स याने १८८४ साली झटकन तुटणारी कळ तयार केली. वीजप्रवाह हळूहळू तोडला तर दोन धातूंच्या मध्ये ठिणगी रेंगाळते आणि कळ जळते. म्हणून आत स्प्रिंग बसवून तो क्षणार्धात तोडायचा, ही त्याची युक्ती. आज आपल्या बटणातून जो 'खट्' असा आवाज येतो, त्याचे मूळ तेथे आहे. या कळेचा गुण असा, की तिच्यात लपवाछपवी नाही. दिव्याला जाणारी वीज तिच्यातूनच जाते. खाली केली की लागला, वर केली की मालवला. पोरालाही एकदा दाखवले की पुरे.

पण त्या कळेच्या मागची वीज कोठून यावी, हे घराच्या हाती राहिले नाही. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना अडवली गेली. तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे नेऊन, चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या भूमिगत वीजगृहात १९६२ साली पहिले यंत्र फिरले. त्या उजेडासाठी खोऱ्यातील हजारो कुटुंबांनी घरे आणि शेते सोडली. मुंबईचे कारखाने उजळले. धरणाच्या कडेच्या अनेक वस्त्यांना मात्र दिवा दिसायला पुढे कित्येक वर्षे लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. त्या पहाटे पोफळीचा पुरवठा तुटला, तेव्हा दूरच्या मुंबईलाही कळून आले की आपल्या भिंतीवरची कळ कोठल्या डोंगराशी बांधलेली आहे.

आता स्नेह्यांच्या भिंतीवरची ती काळी पट्टी. तिच्यातून दिव्याची वीज जातच नाही. तिच्या मागून जाते ती तीसएक व्होल्टची बारीक तार. कळ दाबली की पट्टीतील चिमुकला संगणक एक निरोप पाठवतो: "अमुक भिंत, तिसरी कळ दाबली." जिन्याखालच्या पेटीत तो निरोप वाचला जातो, आणि त्या कळेला जे काम नेमून दिले असेल ते पेटीतील यंत्रे करतात. एका कळेवर दिवाणखान्याचे चार दिवे निम्मे आणि अंगणातला पूर्ण, दुसरीवर रात्री सारे घर शांत. दिवा निम्मा करण्याची एक रीतही पाहण्यासारखी आहे: आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, त्या प्रत्येक अर्ध्या हेलकाव्याचा थोडा भाग कापला की प्रकाश मंदावतो. प्रभाकर कंदिलाच्या वातीचे काम येथे सेकंदाला शंभर वेळा होते!

या कल्पनेला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. स्कॉटलंडमधील ग्लेनरोथेस गावी पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ साली 'एक्स-टेन' ही पद्धत तयार केली. तीत घरातील नेहमीच्या तारांतूनच निरोप जात. पुढे १९९० च्या सुमारास युरोपातील कंपन्यांनी एकत्र येऊन निरोपाची एक सामाईक भाषा ठरवली. तीच आज 'केएनएक्स' या नावाने चालते. सोय मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. भिंत न फोडता कळेचे काम बदलता येते. जिन्याच्या दोन्ही टोकांना कळ हवी असेल तर जादा तार ओढावी लागत नाही. अंथरुणावरच्या माणसाला एका बोटाने घरभर उजेड करता येतो.

पण काम नेमून देणारा कोण? येथे ते एका तरुण तंत्रज्ञाने घरातील मुलांना विचारून नेमले होते. कळांवर नावे इंग्रजीत, तीही बारीक. आईंना कोणी विचारलेच नव्हते. कोयनेच्या खोऱ्यातील माणसांनाही उजेड कोणासाठी, हे कोणी विचारले नव्हते, याची मला आठवण झाली.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा हे कुटुंब गावभागात राहत होते. वीज बंद, दारात पाणी. त्या रात्री याच आईंनी माळ्यावरचा जुना कंदील काढून, वात कातरून, शेजारच्या तीन घरांना पुरेल असा जिन्यात टांगला होता. तेव्हा कोठली कळ फिरवायची, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

रात्री जेवताना मी हे स्नेह्यांना बोललो. ते क्षणभर गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. पट्टीवरची पहिली कळ फक्त देवघराच्या दिव्याला दिली, तिच्यावर ठळक मराठीत 'देवघर' असे कोरून आणायचे ठरले. शिवाय आईंच्या हट्टाने दाराशेजारी एक साधे, खट् वाजणारे बटणही बसले. पेटी बिघडली तरी त्याने दिवा लागतो. तंत्रज्ञ म्हणाला, "हे कोणी मागत नाही हल्ली." आई म्हणाल्या, "बाळा, तू विचारलंस कुणाला?"

मी निघालो त्या संध्याकाळी त्यांनी हात धुतले, पदर सावरला आणि ते साधे बटण दाबले. मग निरांजन लावले. कंदील कोठे ठेवलाय, ते मी विचारले. नव्या घराच्या माळ्यावर, पुढच्याच बाजूला, रॉकेलच्या बाटलीसह.