'हॅव'चं खोटं भावंड

मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते. कोलंबियातला एक विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीची तयारी करतोय. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आय हॅव ट्वेन्टी-थ्री इयर्स," आणि मी वैतागले. चूक ऐकायला आली, पण तो खरं तर अचूक स्पॅनिश बोलत होता, फक्त इंग्रजी शब्दांत. तिथे वर्षं स्वतःजवळ बाळगायची असतात. भूकसुद्धा.

त्यासाठीचं स्पॅनिश क्रियापद 'तेनेर'. पण स्पॅनिशमध्ये 'आबेर'ही आहे. लिहिताना सुरुवातीला 'ह', बोलताना तो मुका. 'हॅव'चं सख्खं भावंडच वाटतं. नाहीये! 'आबेर' आलं लॅटिन 'हाबेरे'पासून. आणि याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार जुना 'क' इंग्रजीच्या घराण्यात 'ह' होतो: लॅटिन 'केन्तुम', इंग्रजी 'हंड्रेड'. त्या हिशेबाने 'हॅव'चं नातं लॅटिन 'कापेरे'शी, म्हणजे पकडण्याशी. त्याचं स्पॅनिश लेकरू 'काबेर', म्हणजे मावणं. 'हाबेरे'चं इंग्रजीतलं नातं भाषाशास्त्रज्ञ सहसा 'गिव्ह'शी जोडतात. जवळ असण्याचा चुलतभाऊ देणं, हे मला फार आवडलं.

मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये मालकी 'आबेर'नेही सांगत. 'तेनेर' म्हणजे मुळात हातात धरणं. 'तेनेर'ने हळूहळू सगळा संसार बळकावला. 'आबेर' उरलं ते मुख्यतः सहायक क्रियापद म्हणून. 'आब्लारे', म्हणजे 'मी बोलेन', यातला शेवटचा 'ए' हा त्याचाच तुकडा. इंग्रजी 'हॅव'ने मात्र दोन्ही कामं स्वतःकडे ठेवली: 'आय हॅव अ कार'ही आणि 'आय हॅव ईटन'ही. वयाचं काम तेवढं त्याच्याकडे नाही.

आपल्याकडे तर असं क्रियापदच नाही. पेन माझ्याजवळ, भाऊ मला, घर माझं. पाचवीत मी "माय निअर पेन इज" म्हणाले, तेव्हा वर्ग हसला, सरही हसले. त्यानंतर वर्षभर मी इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही.

पुढच्या तासाला त्याला हे सगळं सांगितलं.

"मग मराठीत भुकेचं काय करता?" त्याने विचारलं.

"लागते."

"ठेच लागते तशी?"

"तशीच. वयही लागतं. तुला तेविसावं संपून चोविसावं लागलंय."

तो खूप हसला. मग सावरून बसला आणि म्हणाला, "आय अ‍ॅम ट्वेन्टी-थ्री."

मुलाखत गुरुवारी आहे.