आपल्या खिडक्यांची पंचवीस वर्षे

सोसायटीचा इतिहास लिहायचा म्हटले की भूमिपूजन, पहिली कार्यकारिणी, बोअरवेल आणि लिफ्ट एवढ्यावर तो आटोपतो. ते सगळे या स्मरणिकेत इतरांनी लिहिलेच आहे. मी खिडक्यांचा इतिहास लिहितो आहे. कारण सरळ आहे. येत्या सर्वसाधारण सभेत 'ब' विंगच्या खिडक्या बदलण्याचा विषय पुन्हा येतो आहे, आणि मागच्या वेळी हा विषय मांडणारा सचिव मीच होतो.

नागपुरात खिडकी म्हणजे उजेडाची सोय कमी आणि उन्हाचा बंदोबस्त जास्त. महाल, इतवारीतले जुने वाडे आठवा. जाड भिंती, लहान सागवानी खिडक्या, आत लोखंडी गज आणि वर-खाली वेगवेगळी उघडणारी दारे. खालची लावून आडोसा करायचा, वरची उघडी ठेवून वारा घ्यायचा. सागवान जवळचेच, चांद्याकडच्या जंगलांतले. सिव्हिल लाइन्सच्या इंग्रजी बंगल्यांना उंच छत, खोल व्हरांडे आणि छताजवळ व्हेंटिलेटर. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आणि त्यांवर पाणी मारायला माणूस. आपला कूलर म्हणजे त्याच ताट्या, फक्त माणसाच्या जागी पंप आणि पंखा आला. माझ्या आजीचा उन्हाळ्याचा नियम असा, की सकाळी नऊला सगळ्या खिडक्या बंद आणि दिवेलागणीला सगळ्या उघड्या. आम्ही पोरे दुपारी फट करून बाहेर बघायचो आणि मार खायचो.

पुढे सागवान महागले, सिमेंट आणि लोखंड आले. सरकारी क्वार्टर असोत की गृहनिर्माण संस्था, सगळीकडे झेड सेक्शनच्या लोखंडी खिडक्या बसल्या. २००० साली आपली इमारत झाली तेव्हा आपल्यालाही त्याच मिळाल्या. प्रत्येक खोलीत चार बाय चारची खिडकी, बाहेर उघडणारी दारे, वर दीड फुटी छज्जा. दिसायला साध्या, पण रात्री दारे सताड उघडली की अख्खी खिडकी मोकळी व्हायची. पहिली काही वर्षे लोडशेडिंगची होती, आठवत असेल. तेव्हा याच खिडक्यांनी आपल्याला झोपू दिले. (आणि गच्चीने. पण गच्चीवरच्या गाद्यांच्या भांडणांचा इतिहास वेगळा लिहावा लागेल.)

२०११ पर्यंत त्यांची रया गेली होती. पश्चिमेच्या खिडक्यांच्या चौकटी खालच्या कोपऱ्यात गंजल्या, कारण पावसाची झड तिकडूनच येते. कुणी हात न लावता दोन-तीन घरांतल्या काचा तडकल्या. तेव्हा आम्ही पोरांच्या क्रिकेटला दोष दिला. खरे कारण असे की लोखंड गंजले की फुगते, आणि फुगलेली चौकट काचेला चेपते. बाकी तीन बाजूंच्या खिडक्यांना मात्र रंग, नवी लांबी आणि बिजागऱ्यांना तेल एवढे पुरे होते. पण सगळीकडे स्लाइडिंगची हवा होती. शेजारच्या इमारतीने बसवल्या, त्या चकचकीत दिसत होत्या. एका ठेकेदाराने चोवीसही फ्लॅट एकदम केले तर दर कमी करतो म्हटले. मी सभेत जोरदार भाषण केले आणि ठराव मंजूर झाला. दोन महिन्यांत सगळ्या लोखंडी खिडक्या भंगारात गेल्या आणि अॅल्युमिनियमच्या दोन ट्रॅकच्या खिडक्या बसल्या, काळी फिल्म लावलेल्या.

हिशेब कोणीच केला नव्हता, तो आता करतो. राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या उष्ण हवामानासाठी खिडक्यांची जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश सांगितली आहे. आपली बेडरूम दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फूट. तिला १२ चौरस फूट हवेत. जुनी खिडकी जवळजवळ १६ चौरस फूट उघडायची. स्लाइडिंग कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते, म्हणजे आठ. त्या आठात कूलरचे तोंड बसवले की उरलेल्या फटीला थर्माकोल. कूलरला तर समोरून हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोलीत नुसता चिकचिकाट. ती वाटही आपण आठ चौरस फुटांवर आणली.

काळ्या फिल्मचेही तसेच. साध्या काचेतून सूर्याची जवळपास ८५ टक्के उष्णता आत येते हे खरे. गडद फिल्म त्यातली काही अडवते, पण बरीचशी शोषून काच स्वतः तापते आणि मग ती तापलेली काच खोलीला शेक देते. ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे. छज्जा दक्षिणेला ते काम करतो. नवतप्यात, २६ मेच्या सुमारास, भरदुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेची खिडकी सावलीतच राहते. पश्चिमेला मात्र चार वाजता सूर्य छज्ज्याखालून सरळ आत शिरतो. तिथे बाहेरून चिक, हिरवी जाळी किंवा झाडच पाहिजे.

मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ वर गेला. त्या आठवड्यात एका रात्री आपल्याकडची वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. 'ब' विंगच्या वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये काकू एकट्या होत्या. खिडकीचे रोलर धुळीने अडकलेले, पल्ला जेमतेम वीतभर सरकला. सकाळी दूधवाल्याला दार उघडताना त्यांना भोवळ आली. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लागली, बऱ्या होऊन घरी आल्या. मी भेटायला गेलो तर त्या काही बोलल्या नाहीत, चहा केला. जाताना एवढेच म्हणाल्या, "भाऊ, रात्रभर वारा बाहेर वाहून राहिला होता, आत येत नव्हता."

त्यानंतर मी जमेल तिथे खिडक्या तपासू लागलो. लोक हसायचे. लोखंडी चौकटीचा खालचा कोपरा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. वरवरचा गंज असेल तर घासून रंग द्या. टोक आत गेले तर चौकट गेली. लाकडी चौकट ठोकून बघा, पोकळ वाजली तर वाळवी समजा. पावसाळ्यात फुगलेले दार हा दोष नव्हे, रंधा मारला की काम भागते. अॅल्युमिनियमच्या खिडकीत रोलर, रबर आणि कडेचा ब्रश हे झिजायचेच. ते बदलून मिळतात, त्यासाठी अख्खी खिडकी काढायची गरज नसते. पंखे बंद करून फटीजवळ उदबत्ती धरा. भरदुपारी धूर आडवा पळत असेल तर ती खिडकी नीट बंद होत नाही, आणि रात्री ती निम्म्याहून जास्त उघडत नाही हे तर दिसतेच. दुरुस्त करूनही दोन्ही कामे होत नसतील तरच ती बदला. रंग उडाला किंवा शेजाऱ्याने बदलली, एवढ्यासाठी नको.

म्हणून या वेळी माझे म्हणणे एवढेच. 'ब' विंगच्या पश्चिमेच्या आठ फ्लॅटच्या खिडक्या बदला, आणि त्या दारासारख्या उघडणाऱ्या घ्या. अॅल्युमिनियम की यूपीव्हीसी, हे ज्याने त्याने आपल्या खिशाप्रमाणे ठरवावे. वळकटीसारखी वर गुंडाळता येणारी चिक मात्र सगळ्यांनी बाहेरूनच लावावी, आणि तिच्या एकाच रंगाची परवानगी समितीने आधीच देऊन टाकावी. बाकीच्या सोळा फ्लॅटना रोलर आणि रबर पुरेल. उदबत्ती घेऊन मी सभेपूर्वीच्या रविवारी दुपारी तीनला घरोघरी येणार आहे. सुरुवात काकूंच्या घरापासून. त्यांनी स्वयंपाकघरातली जुनी लोखंडी खिडकी २०११ साली काढूच दिली नव्हती, ठेकेदाराला परत पाठवले होते. मागच्या महिन्यात मी तिचा कोपरा टोचून पाहिला. रंग निघाला, लोखंड शाबूत आहे.