तानसेच्या काठावर, बंदुकीशिवाय

मध्यरात्र उलटून गेलेली. अंबाडी नाक्यावर तुम्ही उतरता. वाड्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग इंचाइंचाने सरकतेय, तोंडात धूळ, गळ्यात दुर्बीण. नाका मागे टाकून चार पावलं चाला. हॉर्न थांबतात, पायाखालचं डांबर संपतं आणि गाडीवाट लागते. जानेवारी 1893. बैलगाडीत पेंढ्यावर बसा, कांबळं कानावरून घ्या. तानसा नदी धरून रात्रभर ईशान्येला जायचं आहे.

उजाडताना समोर धरणाची भिंत दिसते. दीड मैलाहून लांब, 118 फूट उंच, दगडी. जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, मार्च 1892 मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांनी हिचं उद्घाटन केलं. 48 इंची नळातून इथलं पाणी मुंबईला जातं. भिंतीजवळ थांबू नका. तिथे पाणी खोल, आणि डोकं बुडवून, शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांना खोल पाण्याचा उपयोग नाही. त्यांची मान पोचेल एवढ्याच खोलीवर चारा हवा. ओढे जिथे तलावात शिरतात, त्या उथळ शेवटाकडे चला. अर्धा दिवस पायपीट होईल, पण पक्षी तिथेच.

पाण्यात उभी झाडं वाळून गेलीत. त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेत. खाली काळे वारकरी, कपाळावर पांढरा टिळा, एकमेकांवर धावून जातात. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी बाजूला: चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. ही इथलीच. शीळ घालत उडालेल्या अडईही इथल्याच. पण त्या लांब टोकदार शेपटीच्या नरांकडे बघा. तलवार बदकं. सैबेरियाच्या बाजूने आलेली. भिंत बांधणाऱ्यांनी मुंबईच्या तहानेचा हिशोब केला होता. ह्यांचा कुणीच केला नव्हता.

मागून आवाज येतो. कमरेला पंचा, हातात मासे अडकवलेली काठी, एक म्हातारा.

"शिकार कराया आलास?"

"नाही. बघायला."

"बंदूक कुठं हाय तुझी?"

दुर्बीण त्याच्या डोळ्यांवर धरा. तो दचकून मागे सरतो, मग हात पुढे करून बदक पकडू बघतो, मग हसतो. तुमच्या धंद्यावर मात्र त्याचा विश्वास बसत नाही. बसेल कसा? पक्षी नीट ओळखायचा तर तो आधी पाडायचा, असा हा काळ. मुंबईतली नॅचरल हिस्टरी सोसायटी आता कुठे दहाव्या वर्षात आहे, आणि तिचे जाणकार सभासदही बंदूक खांद्याला लावूनच पक्ष्यांची विद्या शिकलेत. त्यांच्या नोंदींवर आपण आज उभे आहोत, हे मला जरा अवघडच वाटतं, पण खरं आहे.

धडाम! पलीकडच्या काठावर काळ्या दारूचा धूर. सगळा तलाव एकदम उठतो. तुम्ही मोजत होतात तो आकडा गेला.

दचकलात, तेवढ्यात 1926 वर येऊन पडलात. आता सोसायटी धार संस्थानात पक्ष्यांच्या पायात कडी घालू लागलीय. गंमत अशी की कडं परत मिळायला अजून बंदूकच लागते: दूर उत्तरेत कुणी शिकाऱ्याने बदक पाडलं, कड्यावरचं वाचलं, मुंबईला कळवलं, तरच प्रवास कळणार. म्हाताऱ्याला हे सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

पुढची वर्षं भरभर जातात. 1970 मध्ये तानसा अभयारण्य होतं. 1972 चा कायदा शिकार आवळत नेतो, 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपते.

आणि आजचा जानेवारी. रीतसर परवानगी खिशात, आशियाई पाणपक्षी गणनेचा तक्ता मांडीवर. बरोबरची मुलगी आकडे लिहून घेतेय. "वारकरी सांगा, काका."

"एकशे बारा... तेरा..." तेवढ्यात निम्मे बुडी मारतात, एक दलदली भोवत्या वरून तिरपा जातो, उरलेले पाण्यावर पळत सुटतात.

"काका, किती लिहू?"

"खोड ते. पुन्हा एकपासून."