निर्मलमधला केर

पाडवा जवळ आला की तेलंगणातल्या निर्मलच्या बाजारात शिंदीचे झाडू, चुनकळी, रिठे, फिनेलच्या बाटल्या हे सगळे सामान शेजारी शेजारी येऊन बसते. गिऱ्हाईक तेलुगू असेल तर त्याची खरेदी उगादीची, भैंसा-मुधोळकडचे मराठी असेल तर पाडव्याची. दिवस एकच. ‘युगादि’तला पहिला ‘य’ कन्नड-तेलुगूने टाकून दिला, आणि ‘प्रतिपदा’ प्राकृतातून झिजत ‘पाडवा’ झाली. सणाचे एवढेच. आपल्याला जायचे आहे त्याआधीच्या झाडलोटीकडे. गावाचे नावच निर्मल, तेव्हा तिथल्या झाडलोटीच्या शब्दांत गुंता नसावा असे वाटते. पण गुंता गावाच्या नावापासूनच सुरू होतो.

‘निर्मल’ म्हणजे मळ नसलेले, हे शाळकरी पोरही सांगेल. स्थानिक परंपरा मात्र निराळी आहे. ती म्हणते, गावाला नाव मिळाले 17व्या शतकातल्या निम्मनायडू या नायकावरून. निर्मलची लाकडी खेळणी आणि चित्रे त्याच्याच आश्रयाने वाढली असेही सांगतात. परंपरा खरी धरली तर आधी ‘निम्म’सारखे काही नाव असावे, आणि त्याला पुढे संस्कृताचा धुतलेला सदरा चढवला असावा. अनोळखी नावाला ओळखीचा अर्थ देण्याची ही खोड सगळ्याच भाषांना आहे. तेलुगूत ‘निम्म’ म्हणजे लिंबू. नायडूंच्या नावात लिंबूच असेल असे नाही, पण शब्द आपल्या घरातला आहे. मराठीने ‘निंब’चा ‘लिंब’ केला, ‘नवनीता’चे ‘लोणी’ केले. आद्य ‘न’चा ‘ल’ करणे ही आपली जुनी सवय दिसते. तांब्याची भांडी लखलखीत करायला लिंबू लागतेच, तेव्हा निर्मलचे मूळ ‘मल’ असो वा ‘निम्म’, सफाईच्या सामानातून ते सुटत नाही.

आता खरे कोडे. ‘निर्मल’चा मराठी वंशज म्हणून ‘निवळ’ दाखवतात. पाणी निवळते, आभाळ निवळते, भावांतले भांडणही निवळते. आणि ‘निवळ थापा’ म्हणताना ‘शुद्ध मूर्खपणा’तल्या ‘शुद्ध’सारखाच ‘निवळ’ शब्द ‘नुसता’ या अर्थाला येऊन टेकतो. अर्थाची वाट सरळ आहे, ध्वनीची नाही. ‘र्म’चा प्राकृतात ‘म्म’ होतो आणि मराठीत ‘म’ उरतो: कर्म-काम, चर्म-चाम, घर्म-घाम. ‘म’चा ‘व’ होतो तो एकट्या ‘म’चा: ग्राम-गाव, नाम-नाव. या हिशेबाने ‘निर्मल’चे ‘निमळ’ व्हायला हवे होते. मग हा ‘व’ आला कुठून? माझा तर्क असा की ‘निवणे’ मध्ये आले असावे. ‘निर्वा’पासून आलेले ‘निवणे’ म्हणजे थंड होणे, शांत होणे. गढूळ पाणी शांत ठेवले की मळ खाली बसतो. तेव्हा निवणे आणि निर्मळ होणे या दोन क्रिया एकाच घागरीत घडतात. शब्दही तिथेच एकमेकांत मिसळले असावेत. याहून बरा खुलासा कोणाकडे असेल तर मी माझा सोडायला तयार आहे.

‘निवळी’ नावाचे एक बी आहे. संस्कृतात ‘कतक’, हिंदीत ‘निर्मली’. ते उगाळून पाण्यात टाकले की गाळ बसतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्याचा दाखला आहे: कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. गावांच्या नावांनाही हे लागू करायला हरकत नसावी.

दुसरी निवळी चुन्याची. सफेदीसाठी चुनकळी पिंपात टाकून पाणी ओतले की ती सळसळते, फुटते, वाफ सोडते. पिंपाला हात लावायची सोय नसते. रात्रभरात खाली मऊ पांढरा लगदा बसतो आणि वर नितळ पाणी उरते, ती चुन्याची निवळी. ‘चुना’ आला ‘चूर्णा’पासून, ‘चुण्ण’मार्गे. निर्मलचा दुकानदार त्याला ‘सुन्नम्’ म्हणतो, तोही त्याच चूर्णाचा दिसतो. तमिळ ‘सुण्णाम्बु’ही त्याच गोतातला. पण तेलुगूत ‘सुन्न’ म्हणजे शून्य, आणि त्याचा चुन्याशी काही संबंध नाही. तो आपल्या ‘सुन्न होणे’चा भाऊ आहे, दोघेही ‘शून्या’चे. ‘सफेदी’ मात्र फारसीची, आणि फारसी ‘सफेद’ थेट आपल्या ‘श्वेता’च्या रक्ताचा. अवेस्तात तो ‘स्पएत’ असा भेटतो.

आता रिठे. ‘अरिष्टा’तला आद्य ‘अ’ गळून ‘रिठा’ झाला. अरिष्ट म्हणजे मुळात ज्याला इजा नाही ते, सुरक्षित. म्हणूनच अमरकोशात बाळंतिणीच्या खोलीला ‘अरिष्ट’ म्हटले आहे. त्याच शब्दाचा अर्थ उलटून संकट कसा झाला, हा वेगळ्या लेखाचा विषय. तेलुगूत रिठ्याला ‘कुंकुडु’ म्हणतात. कुंकवाशी त्याचे नाते जोडू नये. रिठ्याचे दुसरे संस्कृत नाव ‘फेनिल’, म्हणजे फेसाळ. इथे मोह आवरणे कठीण: फेनिल आणि फिनेल! एक फळ, एक बाटली, दोन्ही धुण्याचीच. पण बाटलीतले फिनेल पाण्यात ओतून पाहा: पाणी दुधाळ होते, रिठ्यासारखा फेस काही धरत नाही. फिनेलचे कूळ युरोपात आहे. दिव्याच्या गॅसशी बेंझिनचा संबंध होता म्हणून ओग्युस्त लोराँ या फ्रेंच रसायनज्ञाने 1830च्या दशकात ग्रीक ‘फायनो’ (उजळणे) वरून त्याला नाव सुचवले, आणि ‘फिनेल’ ज्यातून निघाले ते हे नाव होते, काय सांगावे, ‘फेन’. फेसाशी संबंध शून्य. साम्य इतके गोड असले की व्युत्पत्ती करणाऱ्याने आधी संशयच घ्यावा. साबणाचे मात्र खरे नाते लागते: अरबी ‘साबून’, लॅटिन ‘सापो’, तेलुगू ‘सब्बु’ कदाचित पोर्तुगीज ‘साबाँव’कडून आला असावा. लिनीयसने रिठ्याच्या प्रजातीला ‘सापिंडस’ म्हटले, म्हणजे भारतीय साबण.

अशीच फसवी जोडी झाडूची. फारसीत झाडूला ‘जारू’ किंवा ‘जारूब’ म्हणतात, आणि दर्ग्यात झाडलोट करणारा तो ‘जारूबकश’. निर्मल 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होते, तेव्हा ‘जारू’चाच ‘झाडू’ झाला असे कोणी सहज म्हणेल. पण ‘जारूब’ म्हणजे ‘जा’ (जागा) अधिक ‘रूब’ (झाडणारा), आणि ‘झाडू’ सरळ ‘झाडणे’चा. दोघांनी एकाच अंगणात काम केले, एवढेच. झाडणाऱ्याला अमरकोशाने ‘बहुकर’ म्हटले आहे, पुष्कळ काम करणारा. हिंदी ‘बुहारना’ तिथून निघाले. घरात झाडू कोणाच्या हाती असतो ते पाहता कोशकाराची नजर चांगली होती.

‘केर’ अधिक रंगतदार आहे. संस्कृतात कचऱ्याला ‘अवकर’, ‘संकर’, ‘उत्कर’ असे शब्द आहेत, सगळे ‘कॄ’ (विखुरणे) धातूचे. ‘उत्करा’तून ‘उकिरडा’ निघाला. ‘कचरा’ निघाला ‘कच्चरा’तून, म्हणजे मळकट. पण ‘केर’मधला ‘ए’ या घरात बसत नाही. कन्नडमध्ये ‘केरु’ म्हणजे सुपाने पाखडणे. तेलुगूत तोच धातू ‘चेरुगु’ असा दिसतो, कारण ‘इ-ए’ पुढे आले की तेलुगू ‘क’चा ‘च’ करते: कन्नड ‘किवि’ (कान) तेलुगूत ‘चेवि’, ‘केरे’ (तळे) तेलुगूत ‘चेरुवु’. आपल्या ‘केर’मध्ये ‘क’ शाबूत आहे. तेव्हा धान्य पाखडताना सुपाबाहेर पडते ते, या अर्थाने शब्द कन्नडच्या अंगाने मराठीत आला असावा. ‘केरसुणी’तली ‘सुणी’ कदाचित अमरकोशातली ‘शोधनी’, तिथे तिचा अर्थच झाडणी आहे. म्हणजे अर्धी द्राविड, अर्धी संस्कृत.

मराठवाड्यात शिंदीच्या पात्यांचा पसरट झाडू म्हणजे ‘फडा’. नागाच्या फण्याला संस्कृतात ‘फटा’ही म्हणतात. आकार पाहिला की नाते पटते. तेलुगू ‘चीपुरु’चे नाते मात्र कंगव्याशी असावे: तमिळात ‘सीप्पु’ म्हणजे कंगवा, मूळ क्रिया ओरबाडून साफ करण्याची.

आणि ‘कुंचा’. संस्कृत ‘कूर्च’ म्हणजे दर्भाची जुडी, दाढी, आणि दोन भुवयांमधली जागासुद्धा. जुडीदार, केसाळ असे जे जे ते कूर्च. प्राकृतात ‘कुच्च’, मग अनुस्वार शिरून मराठीत ‘कुंचा’ आणि ‘कुंचला’, तेलुगूत ‘कुंचे’. निर्मलचा नक्काश पोनिकीच्या हलक्या लाकडाचे खेळणे रंगवतो त्या हत्याराला कुंचे म्हणतो, आणि भैंशाचे घर सफेदीला काढले की भिंतीवर फिरतो तो कुंचा. कारागिराला ‘नक्काश’ हे नाव अरबीने दिले, हत्याराचे नाव संस्कृताने.

मातीच्या घरांत शेवटी सारवण येते. हे क्रियापद शेणाशी बांधलेले वाटते, पण हेमचंद्राने 12व्या शतकात प्राकृताच्या व्याकरणात ‘समारच्’, म्हणजे नीट रचणे, याच्या जागी ‘सारव’ दिला आहे. शेण नंतरचे. ‘सडा’ हा बहुधा ‘छटे’चा, छुरिकेची ‘सुरी’ करणाऱ्या भाषेला ते अवघड नाही.

सीमेवरच्या वाचकांकडे एक मागणे आहे. कुबीर, तानूर, बासर, मुधोळ या भागांत मराठी घरांत ‘फडा’ म्हणतात की ‘चीपुर’, सफेदीच्या कुंच्याला निराळे नाव आहे का, आणि ‘निमळ’ असे रूप कोणा वडीलधाऱ्यांच्या तोंडी ऐकले असेल तर गावाच्या नावासकट अवश्य कळवावे.